हाइनीची पंचविसावी फेरी

नोर्दविक, २ जून

लाडक्या सुन्नेवास,

मामाचा आशीर्वाद. तुझं पत्र पोस्टाच्या बोटीने मंगळवारी आलं, म्हणजे तू टाकल्यापासून नवव्या दिवशी. मध्ये समुद्र नसता तर तोर्शावनहून तू चालत आली असतीस तरी आधी पोचली असतीस. फोन घ्या म्हणून पुन्हा लिहिलंयस. बाई गं, फोन कानाला लावला की आत कुणीतरी बटाटे तळतंय एवढंच मला ऐकू येतं. एकाहत्तर वर्षं या कानांनी वारा ऐकला, आता त्यांना पेन्शन मिळाली. तेव्हा पत्रच लिही. वाचायला मी माझा मी शिकलो, होड्या ठोकता ठोकता, तर त्याचा काही उपयोग होऊ दे.

तुम्ही दोघं भावंडं खेळांना जाणार हे चर्चमध्ये सांगितलं तेव्हा सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. मी आपलं गीतांचं पुस्तक उलटं धरून बसलो. छोट्या बेटांचे खेळ असले म्हणून काय झालं? मोठ्या जगाच्या खेळांत आपल्याला डेन्मार्कच्या शेपटीला बांधतात. इथे आपला फॅरोचा झेंडा आपल्या काठीवर. आणि सदतीस जणांत दोन आमच्या नोर्दविकचे! हाइनी धावणार आणि तू चमूची मदतनीस. पाण्याच्या बाटल्या सांभाळणं हेही देशाचंच काम.

दहा हजार मीटर, पंचवीस फेऱ्या. मला त्याची काळजी नाही. शाळेमागच्या खडीच्या मैदानावर तो चौदा वर्षांचा असल्यापासून धावतोय. तू दगडी कुंपणावर बसून विणायचीस, फेरीला एक ओळ. चोवीस ओळी झाल्या की "शेवटची!" आणि पंचवीस झाल्या की "झालं रे!" म्हणून ओरडायचीस, नि शाळेची घंटा बडवायचीस. त्या पोराने स्वतः कधी मोजलंच नाही. माझ्या तपकिरी स्वेटरच्या दोन्ही बाह्या म्हणजे हाइनीचा दोन हिवाळ्यांचा सराव आहे.

आता खरी गोष्ट. पाउली मास्तर परवा घरी आले होते. शाळेत खेळाचा शिक्षक हवाय, ऑगस्टपासून. म्हणाले, "मिक्याल, पदक आणलंच पाहिजे असं नाही. पण पोरांनी मान वर करून बघावं असा माणूस हवा." समजलीस? सात वर्षं हाइनी कारखान्यात मासे चिरतोय. तिथून सुटायला गावात दुसरी वाट कुठली, तर ट्रॉलर. आणि तुझ्या बापाला ज्या पाण्याने नेलं त्या पाण्यावर हे पोर उभं राहू शकत नाही, पोस्टाच्या बोटीत बसलं तरी हिरवं पडतं. जमिनीवर पाय ठेवून जगायची ही एक संधी आहे त्याला. तेव्हा त्याला नीट खायला घाल.

बाकी गाव ठीक. हिवाळ्यात दानियालने एकच मेंढा दोघांना विकला होता, त्यावर मी टोमण्याचं गाणं केलं ते तुला कळवलंच होतं. रीतीप्रमाणे दोघांनी दंड धरून त्याला नाचाच्या कड्यात आणला आणि सतरा कडवी त्याच्या तोंडावर गायली. खूप हसला. वसंतात तो तुमच्या तोर्शावनला राहायला गेला. धंदा तिकडे बरा चालतो म्हणे.

तुझा मामा,
मिक्याल


परतीच्या बोटीवर, ४ जुलै

प्रिय मिक्याल मामा,

रेडिओवर तुम्ही निकाल ऐकला असेल, किंवा शेजारच्या मालानने कानात ओरडून सांगितला असेल. यादीत हाइनीचं नाव नाही, म्हणून तुम्ही काहीबाही मनात आणाल. पाय मोडलेला नाही, आजारी नाही. जे झालं ते ऐकून रडावं की हसावं कळत नाही, म्हणून मी हसायचं ठरवलंय.

आधी बाकीच्यांचं सांगते. आपला पोहणारा बेकरीवाला तिसरा आला आणि पदक गळ्यात घालूनच झोपला. नेमबाजीतले पाद्रीबुवा पाचवे. त्यांच्या शेजारच्या नेमबाजाने विचारलं, "पाद्री आणि बंदूक?" तर म्हणाले, "प्रार्थना लांबच्या पल्ल्याला, ही जवळच्या." जेवण म्हणजे रोज पांढऱ्या रश्श्यातली कोंबडी. वाळवलेलं मटण मी ट्रंकेत नेलं होतं, त्याच्या वासाने शेजारच्या खोलीतल्या मुलींनी तक्रार केली.

आता हाइनी. मामा, काय धावला! दहाव्या फेरीपर्यंत मागे मागे, मग एकेकाला मागे टाकत दुसरा. पुढे फक्त एक उंच, लाल केसांचा. आणि मग शेवटून दुसऱ्या फेरीतच हा सुटला. वाऱ्याने टोपी उडवावी तसा. लाल केसवाल्याला मागे टाकून पहिला रेषेवर आला आणि घंटा वाजली. तिकडे शेवटची फेरी सुरू झाली की घंटा वाजवतात. आपल्याकडे संपली की वाजवतो. हाइनीने हात वर केले, लोकांना वाकून नमस्कार केला आणि आत गवतावर जाऊन पाय पसरून बसला! बाकीचे सगळे त्याच्या समोरून धावत गेले. तो त्यांच्यासाठी टाळ्या वाजवत होता, मामा. त्यांना वाटलं याला ऊन लागलं. अख्खं मैदान हसत होतं. उठून पुन्हा पळायला लागेपर्यंत एका माणसाने लाल झेंडी दाखवली. रेषेच्या आत पाऊल गेलं, बाद.

चमूप्रमुखांनी विचारलं तेव्हा म्हणाला, "माझं मोजणं चुकलं." एवढंच. बोट सुटल्यापासून मधल्या भागात आडवा आहे, ओकतोय. ते समुद्रामुळे.

पाउली मास्तरांना तुम्हीच समजावून सांगा. पहिला होता हे सांगा. फेरी राहिली, पण पहिला होता.

तुमची,
सुन्नेवा


नोर्दविक, ९ जुलै

लाडक्या सुन्नेवास,

तुझं पत्र मी चार वेळा वाचलं आणि चारही वेळा डोळ्यांतून पाणी आलं, हसण्याचं. "तो त्यांच्यासाठी टाळ्या वाजवत होता." अगं, हे तू लिहिलंस की देवाने? मालान दूध द्यायला आली होती, तिला वाचून दाखवलं. ती मटकन खुर्चीवर बसली. "मिक्याल," म्हणाली, "याचं गाणं झालं नाही तर तुझी जीभ झडेल." तिसऱ्या दिवशी अख्ख्या गावाला ठाऊक. हाइनी खारवलेल्या माशांच्या पिंपांमागून घरी जातो, रस्त्याने येत नाही.

आणि म्हणूनच गाणं हवं. तुला हसू येईल, पण टोमण्याच्या गाण्याचा गुण तू जाणतेस. लोक मागे हसतात ते सडतं. तोंडावर हसले की मोकळं होतं. माणसाने कड्यात उभं राहून ते ऐकायचं, आपणही दोन पावलं टाकायची, की संपलं. मी पाउली मास्तरांनाही तेच म्हटलं. ते म्हणाले, "हसून घेतलं तर पोरांना तो जास्तच आवडेल."

एकोणीस कडवी झालीत. खरं सांगू? पन्नास वर्षांत मला असं गाणं आलं नव्हतं. सुतारकामात कधी कधी फळी आपणहून जागेवर बसते ना, तसं. ध्रुपद ऐक, तुझ्यासाठी उतरवतो:

मोज रे हाइनी, मोज रे गड्या, हातापायांची वीस,
वरची पाच उसनी घे, मग होतील पंचवीस!

आणि घंटेचं कडवं:

घंटा वाजली, हाइनी वाकला, म्हणाला देवा, पावलास!
घंटा म्हणाली, ऊठ रे शहाण्या, आत्ता कुठे तू धावलास!

आता एक कामाचं विचारतो, आणि नीट उत्तर दे. आपल्या जुन्या माणसांचा नियम तुला माहीत आहे: गाण्यात हवं तेवढं मीठ घाल, पण खोटं नको. गाणं एकदा नाचलं की ते माझं राहत नाही, त्याला परत बोलावता येत नाही. म्हणून विचारतो. घरी तो कधी मोजत नव्हता, तू मोजायचीस. तिथे कोण मोजत होतं? तू जवळ होतीस का? मी अकराव्या कडव्यात लिहिलंय की "त्याने कुणाला विचारलं नाही, स्वतःच्या डोक्याने संपवली." हे खरं ना? नसेल तर आत्ता सांग, कडवं काढून टाकतो. एका कडव्याने घर पडत नाही.

ओलावसोकाच्या सणाआधीच्या शनिवारी नाचघरात नाचायचं ठरलंय. तू ये. उजव्या हाताला कारखान्यातला हान्स धरेल, डावा हात तू धर. परक्याने दंड आवळण्यापेक्षा बहिणीचा हात बरा.

तुझा मामा,
मिक्याल


तोर्शावन, १५ जुलै

प्रिय मामा,

गाणं छान झालंय.

मदतनिसांना तिथे मैदानाजवळ जाऊ देत नाहीत. मी वर लोकांत बसले होते. तुम्ही लिहिलंय ते बरोबर आहे.

एक मनात आलं. यंदा राहू दिलं तर? शाळेचं पक्कं झाल्यावर, हिवाळ्यात वगैरे? पण तुम्ही सगळ्यांना सांगून बसला असाल, तर मी येते. शुक्रवारच्या बोटीने.

सुन्नेवा


नोर्दविक, ३० जुलै

लाडक्या सुन्नेवास,

रविवारी सकाळी पहिल्या बोटीने तू निघून गेलीस, कॉफीलाही थांबली नाहीस. तुला सणासाठी दवाखान्यात जादा पाळी आहे म्हणालीस, ठीक आहे. पण पुढचं तुला कळायला हवं.

माझ्या उभ्या आयुष्यात त्या नाचघराची जमीन अशी घुमली नव्हती. तू पाहिलंसच: पहिल्या वेळी लोक शब्द ऐकायला कान टवकारून होते, दुसऱ्या वेळी ध्रुपद तोंडात आलं, तिसऱ्या वेळी तर मी फक्त ओठ हलवत होतो, लोकच गात होते. बाकीची गाणी एकदा नाचतात. हे तीनदा. "मोज रे हाइनी" आलं की सगळे मिळून उजवा पाय असा आपटायचे की खिडकीवरचा दिवा हलायचा. तू पण छान आवाज लावलास. आईचा आवाज आहे तुझा.

हाइनी हसला नाही, चिडलाही नाही. पावलं टाकत राहिला. मालान म्हणते, अंगात पेंढा भरलेल्यासारखा दिसत होता, पण मालानला काय, तिला भुतंही दिसतात. मी बघत होतो ना. पूर्ण वेळ तो तुझ्याकडे बघत होता. अकराव्या कडव्याला तर मान वळवून, थेट तुझ्या तोंडाकडे. मला बरं वाटलं. म्हटलं, माणसाला आपलं कुणी हाताशी असलं की सगळं सोसतं.

तोर्शावनहून गाणी टिपायला आलेला रेडिओचा माणूस तिथे होता. त्याने टेप केलंय. शनिवारी अख्ख्या फॅरोला ऐकू जाणार. आपल्या नोर्दविकचं गाणं, आणि वर कडी म्हणजे करणाराही जिवंत!

हाइनी सोमवारी कामावर गेला. मी म्हटलं, "झालं ना मोकळं?" तो म्हणाला, "हो मामा." असं माझं पोर.

तुझा मामा,
मिक्याल


नोर्दविक, ३१ ऑगस्ट

सुन्नेवा,

तीन पत्रं टाकली, एकाचंही उत्तर नाही. हे चौथं. 

सतरा तारखेला शाळा उघडली. पाउली मास्तरांनी शब्द पाळला, हाइनीला नेमला. मी त्याला माझी निळी टोपी दिली. पहिल्या दिवशी त्याने पोरांना मैदानावर नेलं आणि म्हणाला, दोन फेऱ्या पळा. पोरं पळाली. पहिली फेरी संपताच सगळीच्या सगळी हात वर करून वाकली आणि आत जाऊन बसली. अठ्ठावीस पोरं. सहा वर्षांची सुद्धा. आणि मग गाणं. पोरांना एकोणीसही कडवी पाठ, सुन्नेवा. पाढे येत नाहीत, हे येतं.

त्या दिवशी तो हसला. दुसऱ्या दिवशी मास्तरांनी पोरांना दम दिला, तर पोरं गाईनात, नुसता उजवा पाय आपटीत. चेंडू मोजायला सांगितले की आपटीत. हजेरी घेतली की आपटीत. नुसते पाय, त्यांना शिक्षा कसली करणार? नवव्या दिवशी हाइनीने शिट्टी मास्तरांच्या टेबलावर ठेवली. मास्तर माझ्याकडे आले. "मिक्याल, मान वर करून बघतील असं म्हटलं होतं मी. मान वर करतात, पण गाण्यासाठी." आणि हसले, गं. तेही हसले. मग ओशाळले.

कारखान्यात परत घेतलं नाही असं नाही, पण तिथे सरकत्या पट्ट्यावरच्या बायका मासे मोजताना "वरची पाच उसनी घे" म्हणतात. पलीकडच्या बेटावर गेला होडी दुरुस्त करायला, तर तिथल्या दुकानदाराने विचारलं, "तोच का रे तू?" कुठे जाईल तो? रेडिओ सगळीकडे पोचतो. मी गावात म्हणून पाहिलं, आता पुरे. लोक म्हणतात, "मिक्याल, तुझं गाणं आहे होय? आम्हाला वाटलं आमचंय."

ग्रीनलंडकडे जाणाऱ्या ट्रॉलरवर त्याने नाव दिलंय. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात सुटेल, पाच महिन्यांसाठी. जो पोस्टाच्या बोटीत हिरवा पडतो तो. मी विचारलं, "का रे?" तर म्हणाला, "तिथे सगळे परदेशी आहेत मामा. गाणं येत नाही त्यांना."

तू ये. तुझं तो ऐकतो. किंवा मला सांग, तुला काही बोलला का? त्या दिवशी कड्यात तो तुझ्याकडे तसा का बघत होता, ते आता मला झोपू देत नाही.

मामा


तोर्शावन, २१ सप्टेंबर

मामा,

मी हे पत्र सहाव्यांदा लिहितेय. आधीची पाच चुलीत गेली.

मी वर लोकांत बसले नव्हते. मदतनिसांचं बाक अगदी वळणाजवळ होतं, पाण्याच्या टेबलाशेजारी. हाइनी दर फेरीला माझ्यापासून दोन हातांवरून जात होता. आणि मी विणत होते, मामा. आदल्या दिवशी त्यानेच म्हटलं होतं, "ताई, तू नेहमीसारखं कर. मला तिथले आकडे बघायचे नाहीत, ते बघितले की पाय जड होतात. तू सांगशील ते." राखाडी मोजा होता, फेरीला एक ओळ.

पंधराव्या फेरीच्या आसपास एक जण शेजारी येऊन बसला. दुसऱ्या बेटाचा, थाळी फेकणारा, भला थोरला. त्याने विचारलं, हा मोजा कुणासाठी? मी म्हटलं, पायासाठी. तो हसला. मग मी अजून काहीतरी म्हटलं, त्याला हसवायला. त्याला पुन्हा हसवायला. इतकंच, मामा. एवढीच गोष्ट आहे. त्याचं नावसुद्धा मी विचारलं नाही. तोंड बोलत होतं आणि हात विणत होते. आपल्या बायकांचे हात तुम्हाला माहीत आहेत. चालताना विणतात, टोपली पाठीवर असताना विणतात, मयताशेजारी बसून विणतात, त्यांना आपली गरज नसते. कुठेतरी एका फेरीत त्यांनी दोन ओळी घातल्या.

चोवीस ओळी झाल्या तेव्हा मी ओरडले, "शेवटची!" आणि तो सुटला. तो सुटला तो माझ्या शब्दावर. रेषेवर आला तेव्हा मी उभी राहून ओरडले, "झालं रे!" तेव्हाच ती घंटा वाजली. मलाही तेव्हा घंटा म्हणजे संपलंच वाटलं. मी टाळ्या वाजवल्या, म्हणून त्याने वाजवल्या.

बोटीवर मी मोजा उलगडून ओळी मोजल्या. पंचवीस.

चमूप्रमुखांनी विचारलं तेव्हा मी त्याच्या शेजारी उभी होते. तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "माझं मोजणं चुकलं." मी तोंड उघडायला हवं होतं. उघडलं नाही. मग वाटलं, आता तो म्हणालाच आहे. मग तुम्हाला पत्र लिहायला बसले तर ते विनोदीच होत गेलं, आणि जितकं विनोदी झालं तितकी मी त्यात नाहीशी झाले. आणि मग तुमचं पत्र आलं, नीट विचारलेलं. तुम्ही वाट अगदी उघडी ठेवली होती. मी तीन ओळींत बंद केली.

कड्यात मी त्याचा हात धरला होता. अकराव्या कडव्याला त्याने वळून पाहिलं ते आधारासाठी नाही, मामा. तो बघत होता मी गाते की नाही. आणि मी गात होते. थांबले असते तर लोकांना कळलं असतं. त्याने हात सोडवून घेतला नाही. उलट जरा दाबला, जणू मलाच सोसत नव्हतं.

आता मला हे सहन होत नाही. दवाखान्यात एक म्हातारा रुग्ण ते गाणं गुणगुणतो. तुम्ही दुसरं गाणं करा. खरं. माझं नाव घाला, मोजा घाला, थाळीवाला घाला, तो तीन ओळींचा खोटेपणा घाला. मी येते, मला कड्यात उभी करा, हवं त्याला माझे दंड धरू द्या. पण हाइनी जायच्या आत नाचा. ट्रॉलर सुटायच्या आत.

सुन्नेवा


नोर्दविक, १८ ऑक्टोबर

सुन्नेवा,

वाऱ्याने दहा दिवस बोट आली नाही. तुझं पत्र चार तारखेला मिळालं, सकाळी. ट्रॉलर पलीकडच्या बंदरातून दुपारी सुटायचा होता. मी हान्सला म्हटलं, मला होडीने सोड. तो म्हणाला, "या लाटांत? म्हाताऱ्या, वेड लागलं का?" पण सोडलं.

हाइनी धक्क्यावर दोरांच्या वेटोळ्यावर बसला होता. अजून चढला नव्हता, पण चेहरा आधीच हिरवा. मी धापा टाकत म्हटलं, "मला कळलं. सुन्नेवाने लिहिलंय सगळं." तो उठला. मग माझ्या कानाशी येऊन, मला ऐकू जावं म्हणून मोठ्याने बोलला, आणि धक्क्यावरच्या सगळ्यांनी ऐकलं. म्हणाला, "मामा, मैदानावर आकड्यांचा फलक होता. मी बघणार नव्हतो, पण रेषेवर येताना दिसला. त्यावर एक लिहिलं होतं. एक फेरी बाकी."

मी म्हटलं, "मग थांबलास का रे बाबा?"

"ताई झालं म्हणाली."

एवढंच. जसं काही त्यात विचारण्यासारखं काय आहे. मग म्हणाला, "दुसरं गाणं करू नका. एकाचं झालं तेवढं बास." वर चढला. वळून पाहिलं नाही, पण ते रागाने नसेल. वळला असता तर ओकला असता.

मी त्याचं ऐकलं नाही. तुझं ऐकलं. आठ दिवस बसून गाणं केलं. बावीस कडवी, एक अक्षर खोटं नाही. मोजा घातला, बाक घातलं, थाळीवाला घातला, तुझं पत्र आणि माझं पत्र घातलं, फलकावरचा एक घातला. चांगल्या लाकडाचं, सरळ धाग्याचं गाणं. तू येते म्हणालीस, पण बोटी पुन्हा बंद होत्या, आणि मला थांबवेना. काल शनिवारी नाचघरात मी कड्याच्या पुढे उभा राहिलो आणि म्हटलं, "हे पहिल्याच्या बदली आहे. आजपासून हे."

पहिल्या कडव्याला कुणी ध्रुपद उचललं नाही. तिसऱ्याला कुणीतरी खोकलं. पाय पडत होते, पण ओल्या वाळूत पडल्यासारखे. पाचव्या कडव्याला दाराजवळची चारपाच माणसं कॉफी प्यायला गेली. खऱ्या गोष्टीत हसायला जागाच नव्हती, सुन्नेवा. मी शोधली होती, मिळाली नाही. सहाव्या कडव्याला कडं मधूनच सुटलं. लोक एकमेकांकडे बघत होते, मयताच्या घरी चुकून पाव मागितल्यासारखे.

मग मालान म्हणाली, आणि वाईट मनाने नाही म्हणाली, तुझ्या आईची मैत्रीण ती: "थांब थांब, मिक्याल. म्हणजे फलक दिसत होता, तरी बहिणीच्या मोज्यावर थांबला? अरे देवा, मग तर आणखीच येडं पोर!" आणि एकदम हशा. दाराजवळची माणसं आत आली. कुणीतरी ओरडलं, "मिक्याल, जुनं घे!" मी म्हटलं, नाही. तर हान्सनेच सुरू केलं. हात पुन्हा गुंफले गेले, आणि मालानने नाचता नाचता तिथल्या तिथे नवं कडवं जोडलं:

मोज्यात ओळी पंचवीस, पायात फेऱ्या चोवीस,
ताईनं म्हटलं 'झालं रे', बाळ बसलं कासावीस!

आता वीस कडवी झाली त्याची. तुझं सगळं पत्र, तुझं रडणं, माझे आठ दिवस, हे सगळं मिळून जुन्या गाण्याला एक कडवं झालं. रेडिओच्या माणसाला हान्स कळवणार आहे.

तू आलीस तर लोक तुला काही वाईट बोलणार नाहीत. तुला बघून हसतील, मोजे मागतील. तू कड्यात उभी राहते म्हणाली होतीस, पण तुला कुणी उभी करणार नाही, त्यांचं समाधान झालंय. हाइनीचं पत्र आलेलं नाही. येईल असं मी लोकांना सांगतो.

आता शेवटचं. मालानने पहिल्यांदा म्हटलं तेव्हा तिसऱ्या तुकड्यात ती 'बहिणीनं म्हटलं' म्हणाली होती, आणि पाऊल अडत होतं. वर तू वाचलंस ते 'ताईनं' मी घातलं. मी बाजूला भिंतीशी उभा होतो, गायचं नाही असं ठरवून. पण पाऊल अडलेलं मला पन्नास वर्षांत बघवलेलं नाही. मी शब्द ओरडून सांगितला, लोकांनी घेतला, आणि मग मला कड्यात ओढलं. शेवटपर्यंत मीच पुढे होतो. जमीन घुमत होती. तू मला खोटं लिहिलंस, मी तुला लिहिणार नाही, म्हणून सांगतो.

मजा आली.

मामा